शुक्रवारी चक्की बंद असते

चक्कीवाल्याच्या भुवया पांढऱ्या कधी झाल्या ते त्याला कळत नाही. आधी पीठ बसतं, झटकलं की जातं. मग एक दिवस झटकूनही जात नाही. तेव्हा आरशात बघून माणूस म्हणतो, अरेच्चा! किश्शांचंही तसंच आहे. साठवायचे म्हणून कोणी साठवत नाही. बसत जातात अंगावर.

कोपरला, जुन्या चाळी आणि नवे टॉवर जिथे एकमेकांकडे बघत उभे आहेत, तिथे माझी चक्की. सगळे मला आबा म्हणतात. शाळा मी बाहेरून पाहिली. अक्षरं शिकलो ती गिऱ्हाइकांच्या डब्यांवरची. ऑइल पेंटने नाव लिहिलेलं असायचं, कोणाचा डबा ते माहीत असायचं, मग अक्षर लागायचं. सगळ्यात आधी 'लेले' वाचायला आलं. एकच अक्षर दोनदा! माझ्यासारख्याला बरं पडलं.

ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारूनच सांगतोय. एक जण तर म्हणाले, "लिहा आबा, फक्त माझा डबा जरा घासूनपुसून लिहा."

*

आमच्या चक्कीवर माणसं रांग लावत नाहीत, डबे लावतात. डबा ठेवायचा, घरी जायचं, भात लावायचा, पोराला क्लासला सोडायचं, मग यायचं. कोणी कोणाचा डबा हलवत नाही.

नव्या टॉवरमधले एक साहेब पहिल्यांदाच आले. समोर डब्यांची ही लांब रांग, बाकड्यावर मात्र फक्त हिरूबाय. हिरूबाय म्हणजे आमच्या गावठाणातली कोळीण. सकाळी मासळी विकते आणि मग माझ्या पायरीवर भाजीची टोपली घेऊन बसते. साहेब म्हणाले, "कोणी नाहीये ना? मग माझं घ्या पटकन."

हिरूबायने टोपलीवरचा हात उचलून रांगेकडे केला. "येवरी मानसं उभी हायत, दिसत नाय तुना?"

साहेबांनी घाबरून मागे वळून पाहिलं!

रोज बाकड्यावर बसणारे लेलेकाका तेवढ्यात आले. काका खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून फलाटावरचाच. त्यांनी साहेबांना समजावलं, "डबा आहे म्हणजे माणूस आहे. मागे लावा."

साहेबांनी मागे लावला. आता ते साहेब स्वतःच नव्या लोकांना हे सांगतात, तेही काकांच्या आवाजात.

*

पावसाळ्यात हिरूबायच्या टोपलीत टाकळा येतो, कुर्डू येते, भारंगी येते. शेवळं आली की बरोबर काकडं पण देते, आंबट हिरवी फळं. ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात.

टॉवरमधल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, हे ऑरगॅनिक आहे का?"

"नाय गो, डोंगरावरचं हाय."

मुलगी हसली. हिरूबायच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. साठी उलटली, पण गाल असे तुकतुकीत की पापलेट लाजेल! मुलीने विचारलं, "तुम्ही चेहऱ्याला काय लावता?"

हिरूबायने बराच विचार केला. म्हणाली, "वारा."

मुलीने तेही मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

*

त्याच हिरूबायच्या टाचेला भेग पडली. पाय सतत पाण्यात, बर्फात. ती कोकमतेल गरम करून भरायची. उपाय जुना आहे, चांगला आहे, माझी आईपण करायची. पण भेग भरेना. हिरूबाय एका पायावर भार देऊन चालायला लागली.

बाकडं म्हणजे दवाखानाच आमचा. मी म्हटलं, मेण घाल तेलात. रोजची गिऱ्हाईक शोभाताई म्हणाली, मध लाव. लेलेकाका म्हणाले, "हिरूबाई, तेल लावून मोजे घालत जा."

"मोजं घालून मासली इकू? गिराईक बोलंल, हिरूबाय हापिसात लागली!"

शेवटी पाय सुजला तेव्हा मुलाने उचलूनच नेलं डॉक्टरकडे. शुगर निघाली, चांगली वाढलेली. पाय वाचला, पण थोडक्यात.

परत आली तेव्हा पायाला पट्टी, हातात गोळ्या. कोकमतेलाची बाटली तिने टाकली नाही. अजून लावते. फक्त म्हणाली, "तेल भेग भरतं रं आबा. आतली साखर त्याला कुठं दिसतंय?"

मी चक्कीचा पट्टा चढवत होतो. हात तसाच थांबला माझा. ऐकायला साधं वाक्य, पण पुढे बरेच दिवस ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

*

लेलेकाकू गेल्यावर काका स्वतः दळण आणायला लागले. एकट्याचं दळण ते केवढं! पण डबा तोच मोठा, काकूंचा. तळाशी दोन मुठी गहू खुळखुळत यायचे.

दिवाळीच्या आधी शोभाताईने उटणं दळून घेतलं. मसूर, संत्र्याची सालं, आंबेहळद, कपूरकाचरी, सगळं. चक्कीत असा घमघमाट की गहू दळले तरी पिठाला दोन दिवस सणासारखा वास यायचा. तिने एक पुडी काकांना दिली. आणि पिठलं करा म्हणून एक पुडी कुळथाच्या पिठाची.

चार दिवसांनी काका आले. शोभाताईने विचारलं, "काका, पिठलं झालं का चांगलं?"

"उत्तम. जरा सुगंधी वाटलं. पण उटण्याला तुमच्या फेस काही येत नाही हो, नुसतं चिकट."

शोभाताईचा हात तोंडावर गेला. "अहो काका, तुम्ही उटण्याचं पिठलं खाल्लंत!"

"असेल."

"आणि कुळीथ अंगाला लावलंत!"

"तरीच मांजर मागे लागलं होतं."

बाकडं हसून हसून खाली वाकलं. हिरूबायच्या डोळ्यांत पाणी आलं. "पन खाल्लंत कसं ते? कलला नाय?"

काका म्हणाले, "चवीकडे कुठे लक्ष असतं हल्ली."

आम्ही त्यालाही हसलो. हसायच्या ओघात होतो ना.

*

आता शोभाताईचं सांगतो. ती मागच्या चाळीतली. आली की "जयभीम आबा" म्हणून डबा ठेवणार, आणि डब्याबरोबर बातमीपण. पाळणाघरात स्वयंपाक करते. मुलगा सागर टेम्पो चालवतो. सून प्रणाली.

प्रणाली म्हणजे तोंडाची फटाकडी. ठाण्याला मोबाइलच्या दुकानात कामाला होती. येता-जाता मला चिडवायची. "आबा, भुवया परत दळायला टाका, जाडसर राहिल्यात!" मी म्हणायचो, "रांगेत ये." ती म्हणायची, "डबा लावून जाऊ का भुवयांचा?"

हिवाळ्याच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली. चाळीत पेढे वाटले. शोभाताईने डिंक, खारीक, मेथी, सगळं माझ्याकडेच दळलं. बाळाच्या अंगाला लावायला मसूर बारीक करून नेली. आम्हालाच नातवंड झाल्यासारखं होतं.

पण प्रणाली गप्प झाली.

आधी वाटलं, दमली असेल. बाळंतीण दमतेच. मग शोभाताई सांगायला लागली की पोरगी झोपत नाही. बाळ झोपलं तरी ही छताकडे बघत असते. बाळ मांडीवर रडतं आणि हिला ऐकूच जात नाही. एकदा म्हणाली, "आई, मी हिची कोणी नाहीच असं वाटतं."

शोभाताई ते सांगताना डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. उघडत होती, लावत होती.

मग काय, बाकडं कामाला लागलं! हिरूबायने सांगितलं, शेपू दे. बोंबलाचा रस्सा दे. मी सांगितलं, नाचणीचं सत्त्व. काकांनी सांगितलं, कोवळ्या उन्हात बसवा. शोभाताईने सगळं केलं. बाजरी-तीळ केलं, अळिवाची खीर केली. थंडीतलं जे म्हणून अंगाला लागतं ते ते त्या घरात शिजलं.

मग तिने शिकेकाई आणली. रिठा, आवळा, सगळं वाळवून. म्हणाली, केस छान धुऊन देते, डोकं हलकं होईल. त्या दिवशी प्रणालीला बरोबर घेऊन आली होती, बाळ खांद्यावर.

शिकेकाई दळायला घेतली की चक्कीत कोणाचं काही चालत नाही. मी शिंकलो, काका शिंकले, हिरूबाय टोपलीसकट शिंकली, रस्त्यावरचा रिक्षावाला शिंकला. खांद्यावरचं बाळसुद्धा शिंकलं, एवढंसं!

प्रणाली नाही शिंकली. धुराळ्यात उभी होती, पापणी न हलवता.

हसणं जागेवरच थांबलं आमचं.

*

मध्येच एक छोटासा किस्सा काकांचा. तेव्हा मला तो काकांचा वाटला नव्हता, चक्कीचा वाटला होता.

त्यांच्या शेजारच्या वहिनी ज्वारी घेऊन आलेल्या. म्हणाल्या, "आबा, एकट्या माणसाला पीठ लागतं तरी किती हो? लेलेकाका दर शुक्रवारी सकाळीच डबा घेऊन तुमच्याकडे निघतात."

मी म्हटलं, "लागत असेल."

पण मला लागलंच जरा. कारण शुक्रवारी आमच्या भागात लाइट जाते. शुक्रवारी चक्की बंद असते! म्हणजे काका दुसऱ्या कोणाच्या चक्कीवर जातात. इतकी वर्षं मी त्यांचं पीठ बोटांत घेऊन बघतोय, आणि हे असं!

 त्या आठवड्यात मी मुद्दाम जात्याचे दगड टाकीने नव्याने टोचून घेतले, आणि काकांचं दळण अगदी मऊ, कापसासारखं काढून दिलं.

काकांनी बघितलंही नाही.

*

शोभाताई एक दिवस रिकाम्या हाताने आली. डबा नाही, पिशवी नाही. बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "सगळं दळून झालं आबा. आता काय दळू?"

काल प्रणालीने बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं होतं आणि म्हणाली होती, "तुम्हीच सांभाळा हिला. माझ्याकडे नको. माझा मलाच भरवसा नाही."

हिरूबाय टोपलीतली मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डाक्टरला दाखव."

"दाखवलं की. बीपी चांगला, रक्त चांगलं."

"त्यो नाय गो. मनाचा."

शोभाताई ताडकन उठली. "वेडी नाहीये माझी सून!"

"मी पायाच्या डाक्टरकडं गेलेली. मंग मी लंगरी झाली का?"

शोभाताई उभीच राहिली. हिरूबायने मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पुसले. "शोभा, मी तेल भरत बसलेली. पाय जात व्हता माजा. तू खीर कर, क्याश धू, सगला कर. पन दाखव."

शोभाताई परत बाकड्यावर टेकली. मग हळूच म्हणाली, "पण इथे नको. ओळखीचे भेटतात. चाळीत कळलं तर पोरीला जगू देणार नाहीत. ठाण्याला असतं का असं काही?"

लेलेकाका पेपर वाचत होते. पेपरच्या मागूनच आवाज आला. "सरकारी दवाखान्यात आहे. शुक्रवारी सकाळी बघतात. डॉक्टरीण चांगली आहे, घाई करत नाही."

काकांना सगळंच माहीत असतं. एसटीतला माणूस, चौकशी खिडकीसारखाच. मी म्हटलं, शुक्रवारी मी मोकळाच असतो, येतो बरोबर.

*

आता शेवटचा. हा सांगायचा म्हणून तर बाकीचे सांगितले.

शुक्रवारी सकाळी शोभाताई प्रणाली आणि बाळाबरोबर चाळीतून निघाली ती हातात डबा घेऊन. कोणी विचारलं तर दळणाला चालले म्हणायचं, असं तिने ठरवलेलं. पहिल्याच दारात कोणीतरी म्हणालं, "अगं, शुक्रवारी चक्की बंद असते की!"

शोभाताई म्हणाली, "आबा बरोबरच आहेत, उघडतील."

मी मान हलवली. काय करणार!

ठाण्याला पोचलो. दवाखान्यात एका लांब व्हरांड्यात दोन दारं शेजारी शेजारी. एक डोळ्यांचं, एक मनाचं. डोळ्यांच्या बाकड्यावर गर्दी. मनाच्या दारासमोरचं बाकडं रिकामं, वर मोठी पाटी. पाटीखाली बसायचं म्हणजे येणारे-जाणारे सगळे बघणार.

शोभाताई क्षणभर थांबली. मग तिने काय करावं? सवयीने, चक्कीवर ठेवते तसाच डबा त्या रिकाम्या बाकड्यावर ठेवला. आणि आम्हाला घेऊन डोळ्यांच्या रांगेत जाऊन बसली!

मी बाळाला घेतलं होतं. म्हटलं, "शोभाताई, ही काय आपली चक्की आहे का?"

"गप बसा हो आबा. नंबर लागला म्हणजे झालं."

पण मंडळी, शहाणपण कसं पसरतं बघा! एक मुलगा आला, इकडेतिकडे बघितलं, डब्याशेजारी हेल्मेट ठेवलं आणि आमच्यात येऊन बसला. मग एक बाई आली, तिने हेल्मेटशेजारी पर्स नाही, पाण्याची बाटली ठेवली. मग छत्री आली. थंडीत छत्री! मग एक टिफिनची पिशवी. बाळ कुरकुरायला लागलं म्हणून मी त्याला खिडकीशी नेऊन कावळा दाखवून आणला. येऊन बघतो तर बाकडं भरलेलं. एक माणूस नाही, नुसत्या वस्तू, एका ओळीत, शिस्तीत!

डोळ्यांच्या रांगेत आम्ही सगळे बसलेलो. डोळे सगळ्यांचे ठणठणीत.

दार उघडून सिस्टर बाहेर आली. हातात केसपेपर. बाकड्याकडे बघून थबकली. "पेशंट कुठायत? आणि हे सामान कोणाचं?"

हेल्मेटवाला छताकडे बघायला लागला. छत्रीवाल्याने डोळे चोळायला सुरुवात केली.

"कोणाचंच नाही? मामा, हे सगळं उचला आणि गेटवर नेऊन ठेवा!"

वॉर्डमधले मामा आले, त्यांनी पहिल्या डब्यालाच हात घातला. शोभाताईने माझं मनगट असं दाबलं की बाळाच्या मुठीतलं माझं बोट सुटलं. पण उठेना. मीही उठलो नाही. खरं सांगतो, मलाही लाज वाटत होती.

उठली ती प्रणाली.

सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. ओढणी सारखी केली, चालत बाकड्यापाशी गेली. मामांच्या हातातला डबा घेतला. आणि वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"आई, डबा तुम्ही धरा. बरं मला वाटत नाहीये, डब्याला नाही."

आणि डब्याच्या जागेवर बसली. पाटीखाली.

मग हेल्मेटवाला उठला, हेल्मेट मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसला. मग बाटलीवाली बाई. छत्रीवाला. टिफिनवाला. एकेक वस्तू उचलली जात होती आणि तिथे माणूस दिसत होता.

शेवटी बाकड्याच्या टोकाला एकच वस्तू उरली. तोही डबाच. जुना, मोठा.

सिस्टर म्हणाली, "हा कोणाचा?"

माझा वाचायचा चष्मा घरी राहिलेला. पण तो डबा वाचायला मला चष्मा लागत नाही. एकच अक्षर, दोनदा.

मी मान वळवली. डोळ्यांच्या रांगेच्या अगदी शेवटी, खांबाला टेकून कोणीतरी पेपर वाचत होतं. पेपर जरा हलत होता. मग हळूहळू खाली आला.

लेलेकाका उठले. पेपरची नीट घडी घातली, काखेत धरली. आमच्यासमोरून गेले, पण माझ्याकडे बघितलं नाही. डबा उचलला आणि सगळ्या रांगेला फलाटावरच्या आवाजात म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका. जागा आहे."

सगळे सरकले. काका टोकाला बसले नाहीत. मधली जागा केली आणि प्रणालीच्या शेजारी बसले.

ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिने त्यांच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण उचलून आत पाहिलं.

"काका, रिकामा आहे हो हा!"

काका म्हणाले, "तुमचा?"

"आमचा पण."

सिस्टर परत बाहेर आली. "अहो आजोबा! ताई! हसताय काय एवढं? दवाखाना आहे हा!"